उलटा खांब आणि जपानी लोकांचं देऊळ

माझ्या हातून एक खांब उलटा बसला होता. ही गोष्ट साठ वर्षं मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. शेवटी सांगितली ती जर्मनीत, जपानी लोकांच्या देवळाबाहेरच्या बाकावर, एक मास्तर आणि एक एसटीचे ड्रायव्हर यांना. त्या दिवसाला आता दोन वर्षं होतील. मास्तर पुण्याला परत गेले, ड्रायव्हर अकोल्याला. इथे जर्मनीत, पोराच्या गावी, एश्बॉर्नच्या स्टेशनसमोर आम्ही तिघं रोज सकाळी बसायचो तिथे आता मी एकटा बसतो. म्हणून वाटलं, लिहून ठेवावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन सुनेनं तपासलं आहे, पण वाक्यं बदलायची नाहीत हे तिला आधीच बजावलं आहे.

जे सुतार नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगतो. झाड जसं उभं असतं तसाच खांब उभा करायचा. बुंधा खाली, शेंडा वर. खांब तासून, रंधा मारून तयार झाला की दोन्ही टोकं सारखी दिसतात. म्हणून आमचे वडील झाड पाडल्याबरोबर बुंध्याच्या टोकाला कावेचा, म्हणजे गेरूचा, तांबडा ठिपका लावत. उलटा खांब घराला लाभत नाही असं म्हणतात, ते एक वेळ सोडा. पण उलटा खांब वरच्या अंगाला आखडत जातो आणि तुळईखाली ढिला पडतो, असं वडील सांगायचे, आणि वडील लाकडाबद्दल उगाच काही बोलत नसत.

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या गावच्या ग्रामदेवीचा सभामंडप वडिलांनी उभा केला. सोळा खांब, सगळे सागाचे, लोखंडाचा एक खिळा नाही. उत्तरेच्या ओळीतल्या चौथ्या खांबाचं लाकूड मापापेक्षा लांब होतं. वडील दोन दिवस शेजारच्या गावी लग्नाला गेले होते आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस असं सांगून गेले होते. मला दाखवायचं होतं की मलाही येतं. मी टोक कापलं ते नेमकं ठिपक्याचं. कापलेला तुकडा कुणीतरी चहाच्या चुलीत घातला. मग मी खांबाकडे बराच वेळ बघितलं, मनाशी ठरवलं हा बुंधा, हा शेंडा, वरच्या टोकाला तुळईच्या खाचेत बसणारी कुसू काढली आणि सहा माणसं लावून खांब उभा केला. वरून तुळईही चढवली. ती तुळई वडिलांनी स्वतः कोरलेली होती, वेल आणि पोपट, चार महिने लागले होते तिला.

वडील आले. सगळ्या खांबांवरून हात फिरवत गेले. चौथ्याला थांबले. लाकडात गाठ असते ना, जिथून फांदी फुटलेली असते, तिचा कल वर असतो. या खांबात तो खाली होता. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी मला शिडी धरायला लावली, तुळईतून खाली खांबात गिरमिटानं तिरकं भोक पाडलं, खैराची मेख ठोकली, टोक कापून सपाट केलं आणि वरून लाख आणि भुसा भरून असं घासलं की मलाच ती जागा परत सापडेना. मग हात धुताना म्हणाले, खांब उलटा आहे हे तुला माहीत आणि मला. तिसऱ्याला कळता कामा नये.

ते गेले त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. गावात काही वाईट झालं, कुणाचं पोर नदीत गेलं, विहीर आटली, की मला तो खांब आठवे. आणि कुणी मंडपाचं कौतुक केलं की मी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगायचो, एक सांधा केसभर हललेला दाखवा.

दोन वर्षांपूर्वी मी पोराकडे एश्बॉर्नला असताना जीर्णोद्धार समितीचा फोन आला. वाशांना वाळवी लागली होती, जोतं खचलं होतं. मंडप उतरवायचा, जोतं नवं घालायचं आणि तेच लाकूड पुन्हा उभं करायचं असं ठरलं होतं. सिमेंटचा स्लॅब टाका म्हणणारेही होते, ते हरले. पण खिळे नसलेला मंडप उतरवायचा तर कुठलं लाकूड आधी निघतं हे माहीत पाहिजे. ते माहीत असलेला माणूस मी एकटा उरलो होतो. शेजारच्या गावच्या एका तरुण सुतारानं काम घेतलं होतं. तो मला मोबाईलवर फोटो पाठवायचा आणि मी त्याला बोलून उत्तर पाठवायचो. बटण दाबून बोलायचं आणि सोडायचं, एवढं मला येतं. पंधरा दिवसांत मी त्याला सोळा खांबांचा क्रम सांगितला. चौथ्या खांबाचं इतरांसारखंच सांगितलं. मेखेचं बोललो नाही.

बोललो नाही म्हणजे काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकी ठिकाणी तुळई सरळ वर उचलली की सुटते. इथे ती मेखेनं खांबाला धरलेली. खालून जॅक लावून उचलली तर पोपटाच्या मानेतून उभी फुटणार. आणि खाली माणूस असतो. काम रविवारी उजाडताच सुरू व्हायचं होतं. आमचं जपानी देऊळ बघायला जायचं ठरलं ते आदल्या दिवशी, शनिवारी.

बेत मास्तरांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक, सुनेकडे तीन तीन महिने येऊन राहायचे. मोबाईलवर जर्मन शिकायचे आणि रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे. ड्रायव्हरांची मुलगी पलीकडच्या इमारतीत. त्यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवलेली, त्यामुळे कुठल्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. मला दोघं मिस्त्री म्हणायचे. मास्तरांनी कुठेतरी वाचलं की ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी लोकांची वस्ती आहे, त्यांची दुकानं आहेत, नदीपलीकडे त्यांचं देऊळ आहे, आणि ते पाहायला जपानला जावं लागत नाही. पोरानं तिकिटं मोबाईलवर काढून दिली आणि मला लहान मुलासारख्या सूचना केल्या, हरवलात तर काय करायचं, कुणाला काय दाखवायचं. मी म्हटलं, मी चौदाव्या वर्षी एकटा लाकूड आणायला दांडेलीला गेलेला माणूस आहे. तो गेनाऊ, गेनाऊ म्हणत राहिला, म्हणजे जर्मनमध्ये बरोबर, बरोबर. कंटाळला की तो असं म्हणतो.

गाडीत मास्तरांनी खिडकीची जागा घेतली, कारण पाट्या. ड्रायव्हरांनी गाडी किती वेगानं चालली आहे यावर एक भाषण केलं. माझं लक्ष खिशाकडे होतं. खिशात मोबाईल होता आणि आदल्या संध्याकाळी त्या सुताराचा निरोप आला होता: आजोबा, सगळं वहीत उतरवलंय, तुम्ही सांगितलंत तसंच करतो. तेवढंच. मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

जपानी वस्ती म्हणजे स्टेशनपासून जवळच दोन-तीन रस्ते. दुकानांवर जपानी अक्षरं, बेकरीसमोर रांग, काचेत मांडलेल्या जेवणाच्या थाळ्या. ड्रायव्हरांना वाटलं थाळ्या खऱ्या आहेत, आणि उन्हात एवढा वेळ मासे ठेवतात म्हणून ते मनापासून नाराज झाले. मास्तरांनी काचेला नाक लावून सांगितलं, प्लॅस्टिक आहे. एरवी हे आम्हाला आठवडाभर हसायला पुरलं असतं.

एका दुकानात सुतारकामाची हत्यारं होती. तिथे मात्र मी अडकलो. त्यांची करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. माझ्या वडिलांची जुनी करवतही तशीच होती. ढकलून कापणारी आमच्याकडे नंतर आली, आणि वडिलांनी ती शेवटपर्यंत हातात धरली नाही. भिंतीवर एक जुना फोटो लावला होता. म्हातारा सुतार जमिनीवर बसलेला, फळी पायाच्या अंगठ्यानं दाबून धरलेली. आम्ही असंच बसायचो. टेबल-बिबल काही नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याला माझ्या अजून घट्टा आहे. मी त्या फोटोसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागून ड्रायव्हर म्हणाले, मिस्त्री, नातेवाईक सापडला का? मी हो म्हटलं.

मग ट्रॅमनं नदी ओलांडली आणि थोडं चालल्यावर, साध्यासुध्या घरांच्या मध्ये, ते देऊळ आलं. बाहेरून भिंत, आत वाळूवर रेघा ओढलेल्या, पाइनची झाडं वाकवून वाढवलेली, एक तळं आणि त्यात तांबडे मासे. मोठं छप्पर कडांना वर उचललेलं. आणि वास. आमच्याकडे सागाचा वास कडसर असतो, हा गोडसर होता, लिंबाच्या पानासारखा. पण रंध्याखालून नुकत्या निघालेल्या लाकडाच्या सालींच्या ढिगात बसल्यावर जे वाटतं ना, तेच वाटलं. मी किती वर्षांत ताज्या लाकडाजवळ गेलो नव्हतो. पोराच्या घरात सगळं फर्निचर भुशाचं दाबलेलं, त्याला वासच नाही.

आत शिरताना दगडाच्या कुंडात पाणी आणि वर लाकडी पळ्या ठेवलेल्या होत्या. देवळाच्या दारात पाणी दिसल्यावर आपण काय करतो, तेच आम्ही केलं. बूट काढले, पँटी गुडघ्यापर्यंत ओढल्या आणि तिघांनी आळीपाळीनं पळीनं पायावर पाणी घेतलं. एक जर्मन बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती, ती बघत राहिली. तिच्या मुलानंही बूट काढायला सुरुवात केली. मास्तरांना तेवढ्यात पाटी सापडली आणि त्यांनी ती मनात वाचली. मोठ्यानं नाही, यावरून मी ओळखलं काहीतरी चुकलं. ते हळूच म्हणाले, हात धुवायचे होते. फक्त हात.

आता ओले पाय आणि हातात बूट अशा अवस्थेत आम्ही पुढे गेलो. डाव्या अंगाला चार खांबांवर एक छप्पर आणि त्याखाली पुरुषभर उंचीची घंटा. तिला लोलक नाही. बाजूला एक आडवा ओंडका दोरांनी टांगलेला, तो मागे ओढून सोडायचा. ड्रायव्हरांनी देवळात शिरताना घंटा वाजवली नाही असं आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. मास्तर थांबा म्हणेपर्यंत त्यांनी दोर ओढून सोडला होता.

तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण संपेचना. पायाखालच्या फरशीतून वर येत होता. ती जर्मन बाई, तिचं पोर, तळ्यावरचे दोघे-तिघे, सगळे जागच्या जागी उभे. आणि देवळामागच्या घरातून एक म्हातारी जपानी बाई लगबगीनं आली. वय माझ्याएवढं असेल, उंची माझ्या खांद्याच्याही खाली. मास्तर पुढे होऊन माफी मागू लागले. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून जर्मन बोलायची, त्यामुळे मास्तरांना सगळं कळत होतं आणि त्याचा त्यांना एवढा आनंद झाला की माफी राहिली बाजूला. घंटा वर्षातून एकदाच वाजवतात, असं ती सांगत होती. शेजारच्यांना चालत नाही. ड्रायव्हर म्हणाले, तिला सांगा, चांगली वाजते.

मी या सगळ्यात नव्हतो. मी घंटेच्या छपराखाली मान वर करून उभा होतो. खांबाला तुळई कशी भिडली आहे ते बघत होतो. एकही खिळा नाही. चारही खांब सुलटे. हात फिरवून बघितलं, गाठींचा कल वर. त्या बाईनं मला बघितलं. मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तर म्हणाले, विचारतायत, सुतार का? मी तिला माझे तळहात दाखवले. तिनं ते हातात धरून जवळून बघितले, अगदी निरखून, आणि आम्हाला आपल्या मागे यायची खूण केली.

मागच्या घरात गवताच्या चटया घातलेली एक खोली होती. तिनं कपाटातून लाकडाचे चार-पाच सांधे काढून आमच्यासमोर ठेवले. शाळेतली मुलं आली की त्यांना दाखवायला, हे देऊळ बांधलेल्या सुतारांनी करून दिलेले. दोन तुकडे एकमेकांत असे बसलेले की फट दिसत नाही. मुलांनी ते उघडून दाखवायचं. मास्तरांनी एक घेतला आणि त्यावर विचार करत बसले. ड्रायव्हरांनी दुसरा घेतला. त्यांनी तो ओढला. निघेना. पिळला. निघेना. मग त्यांनी एक टोक मांडीखाली दाबलं आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही हातांनी जोर लावला, गिअर अडकल्यावर लावतात तसा. लाकूड बारीकसं करकरलं.

"सोडा. फुटेल ते. सोडा म्हणतो ना."

मी एवढ्या जोरात बोललो की ती बाई दचकली. ड्रायव्हरांनी हात काढले. ते करकरणं मी ओळखलं होतं. उद्या सकाळी वडिलांची तुळई असाच आवाज करणार होती, आणि खाली तो पोरगा माझं बोलणं उतरवलेली वही घेऊन उभा असणार होता.

मी सांधा घेतला. अंगठ्यानं चारही बाजू चाचपल्या. एका कोपऱ्यात, जिथे असायला पाहिजे तिथेच, लाकडाचा पोत मोहरीच्या दाण्याएवढा बदलला. मी तिथे नखानं दाबलं, मेख दुसऱ्या बाजूनं वर आली, ती ओढली आणि दोन तुकडे लोण्यासारखे वेगळे झाले. मास्तर बघतच राहिले. कसं ओळखलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हात आहे. तेवढ्यात ड्रायव्हरांनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि ते हसत सुटले. मेखेवर तांबड्या पेनानं चांगला ठळक ठिपका केलेला होता. मी घरी चष्मा लावत नाही, बाहेर तर नाहीच, म्हणून मला दिसला नव्हता. त्या बाईनं सांगितलं, आधी ठिपका नव्हता. मुलांनी दोन सांधे फोडले, तेव्हा तिनंच पेन घेऊन ठिपके केले. सुतार रागावला असता, पण तो जपानला परत गेला होता, असंही म्हणाली.

मी हसलो नाही. तिनं दिलेला चहा घेतला. तो कडू होता आणि मला आवडला. मग आम्ही बाहेर येऊन भिंतीलगतच्या बाकावर डबे उघडले. ड्रायव्हरांच्या मुलीनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला होता, माझ्या सुनेनं पोळी आणि कोबीची भाजी. मी घास तोंडात घालीना. मास्तरांनी विचारलं, बरं वाटत नाही का. आणि मी सांगितलं. ठिपका, चूल, गाठ, मेख, सगळं. मला वाटलं होतं सांगायला खूप वेळ लागेल. भाकरी संपायच्या आत झालं.

मग ड्रायव्हर म्हणाले, "मिस्त्री, दोन महिने झाले, तुमचा तो मंडप ऐकून आमचे कान किटले. त्यातला हा एकच खांब तुम्ही सांगितला नाहीत?"

मला राग आला. मी म्हटलं की माझ्या नावाचं काय, मी आज आहे उद्या नाही. पण मंडप वडिलांच्या नावानं ओळखला जातो, आणि त्यांनी सांगितलं होतं, तिसऱ्याला कळता कामा नये. बापाचा शब्द मी मोडायचा का? ड्रायव्हर म्हणाले की मग आता काय, तिसरा आणि चौथा आम्ही झालोच. मास्तरांनी त्यांना गप्प केलं आणि शाळेत गणित समजावतात तसं मला समजावू लागले, की वडिलांनी मेख मारली ती कशासाठी. तुळई वाचावी म्हणून. आता तीच मेख तुळई फोडणार असेल तर वडिलांनी काय सांगितलं असतं. मला समजावलेलं आवडत नाही. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नव्हतात. ते म्हणाले, बरोबर आहे, नव्हतो. आणि त्यांनी डबा बंद केला.

परत ट्रॅमच्या थांब्यापर्यंत आम्ही तिघं एका ओळीत चालत आलो. मी मनात वडिलांशी भांडत होतो. त्यांचं एक मला कधीच पटलं नव्हतं. माझी चूक त्यांनी आपल्या हातानं लाखेखाली बुजवली, त्यापेक्षा सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस गाव हसलं असतं. खांब तेव्हाच काढून सुलटा केला असता. मग मी साठ वर्षं मोठ्या आवाजात बोललो नसतो. आणि तरी तो दिवस आठवला की मला आधी काय आठवतं, तर मी शिडी धरली आहे, वडील वर गिरमिट फिरवत आहेत आणि भुसा माझ्या डोक्यावर पडतो आहे, बारीक, उबदार. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला लाज वाटू नये म्हणून बघत नव्हते, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

थांब्यावर मी मोबाईल काढला. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे गावी साडेसहा, दिवेलागण. ट्रॅम आली. मास्तर चढायला निघाले, ड्रायव्हरांनी त्यांच्या बाहीला धरून मागे ओढलं. ट्रॅम गेली. मी बटण दाबलं.

"हे बघ पोरा, उद्या चौथ्या खांबाची तुळई उचलू नकोस. तो खांब उलटा आहे. उलटा बसवला तो मी, वडिलांनी नाही. तुळईच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडून चार बोटं आत, खैराची मेख आहे, तिरकी. वर लाख भरली आहे, नुसती बघून दिसणार नाही, तापवलेली पळी टेकव, लाख सुटेल. मेख गिरमिटानं पोखरून काढ, ठोकू नकोस. ठोकलीस तर तुळई जाईल. आणि काढताना खाली कुणाला उभं करू नकोस."

बटण सोडलं. मास्तर ट्रॅमचं वेळापत्रक वाचत होते, तेही मनात. ड्रायव्हरांनी मला तंबाखूची डबी पुढे केली. मी तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली होती हे त्यांना माहीत होतं.

दुसरी ट्रॅम यायच्या आत उत्तर आलं. मी कानाला लावलं, मग मास्तरांनी बटण दाबून सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. त्या पोराचा आवाज नेहमीसारखाच, घाईचा. मागे देवळातल्या आरतीचा गलका.

"आजोबा, खांब उलटा आहे ते आम्हाला दिसलं होतं हो. गाठ दिसते ना. माझ्या आज्यालाही माहीत होतं, मंडपाला पॉलिश करताना तो म्हणायचा, हा उलटा आहे, पण मिस्त्रींच्या, म्हणजे तुमच्या, देखत बोलू नकोस. मेखेचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत. जॅक लावून ठेवलाय तिथेच."

ड्रायव्हरांनी तोंडाला रुमाल लावला. मास्तर दुसरीकडे बघू लागले. मी ते परत एकदा ऐकलं. माझं डोकं असं तापलं की काही विचारू नका. म्हणजे सगळ्या सुतारांना माहीत होतं. साठ वर्षं मी मंडपात छाती काढून उभा राहायचो आणि हा आजा, जो माझ्याबरोबर भजनाला बसायचा, माझ्याच हातचं पान खायचा, तो सगळं माहीत असून मान डोलवायचा. मी ट्रॅममध्ये चढेपर्यंत त्याच्यावर रागावलो होतो. तो वारून पंधरा वर्षं झाली आहेत. नदीचा पूल संपेपर्यंत राग उतरला आणि मला जाणवलं की मला भूक लागली आहे. ड्रायव्हरांच्या डब्यात अर्धी भाकरी उरली होती. ट्रॅममध्ये खायचं नाही अशी पाटी होती, मास्तरांनी ती वाचली नाही.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. आम्ही परत त्या जपानी रस्त्यावर गेलो आणि बेकरीच्या रांगेत उभे राहून लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण भरलेले पाव घेतले. मास्तर म्हणाले, ही म्हणजे फुगवलेली पुरणपोळीच. ड्रायव्हर म्हणाले, पुरणपोळीचा अपमान करू नका. मी दोन खाल्ले. ते संध्याकाळचं ऊन, ती रांग, तोंडाला पिठी लागलेले मास्तर मला आजही जसेच्या तसे दिसतात. तिघांनी मिळून इतकं लांब परत कधी जाणं झालं नाही. पुढच्या महिन्यात मास्तरांचा गुडघा दुखायला लागला, आणि मग व्हिसा संपले.

रविवारी आमच्याकडे सकाळचे नऊ वाजले असतील. मोबाईलवर फोटो आला. तुळई खाली गवताच्या पेंढ्यांवर ठेवलेली, पोपट, वेल, सगळं अखंड. दुसऱ्या फोटोत त्या पोराच्या तळहातावर मेखेचे तुकडे, काळेभोर. सून म्हणाली, अहो बाबा, चष्मा लावून बघा ना. मी लावला. नातीलाही दाखवलं. ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि पोपटाच्या चोचीवर बोट ठेवलं.

मग त्या पोराचा फोन आला. आता जोतं नवं होईल, खांब परत उभे राहतील, तर चौथा तसाच ठेवायचा की सुलटा करायचा? समितीत दोन मतं आहेत. काही म्हणतात, इतकी वर्षं देवीनं चालवून घेतला तर असू दे, मोठ्या मिस्त्रींची, म्हणजे माझ्या वडिलांची, आठवण. मी सांगितलं, आठवण वगैरे काही नाही, सुलटा करायचा. तो म्हणाला, सुलटा केला तर आधीची कुसू बुंध्याला राहील, शेंड्याकडून नवीन काढावी लागेल, खांब चार बोटं कमी पडेल. मी म्हटलं, त्याच्याखालचा दगडी तळखडा चार बोटं उंच घडवून घे, कुणाला कळणार नाही. मग म्हटलं, कळलं तरी चालेल. आणि कुसू तू काढू नकोस, ती मी येऊन काढतो. वयानं माझा हात थरथरतो, पण धरायला तू आहेस.

मग माझ्या पोराला हाक मारली आणि गावी जायचं तिकीट काढायला सांगितलं. त्यानं विचारलं, कधीचं. मी म्हटलं, जोत्याचं सिमेंट वाळायला लागेल तेवढं.